दगडाची चौथी बाजू

काकांच्या घराला बेल नव्हती. म्हणजे मुळात होती, पण तिची वायर काकांनी स्वतः कापून, टोकांना टेप गुंडाळून भिंतीत परत सरकवून दिली होती आणि बटणाच्या जागी चार स्क्रूंनी एक पितळी चकती बसवली होती. दारावर इंग्रजीत कागद: कृपया गराजच्या बाजूने यावे. मी त्यांचं बेसमेंट भाड्याने बघायला गेलो तेव्हा पंधरा मिनिटं घराभोवती चोरासारखा फिरत होतो. मला वाटलं, म्हातारा विक्रेत्यांना वैतागलेला दिसतोय. खरं कारण कळायला दोन महिने लागले, आणि कळल्यावर वाटलं, नसतं कळलं तर बरं झालं असतं.

मी नागपूरचा. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करायचो, व्हिसावर. काका मूळचे सांगलीकडचे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सबंध नोकरी त्यांनी क्वालिटी तपासनीस म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर सगळे जण फ्लोरिडाकडे सरकत असताना हे उलट नोव्हायपासून वीस मिनिटं आत, एका खेड्यात घर घेऊन राहिले. खेडं म्हणजे एक चर्च, एक पोस्ट, एक गॅस स्टेशन आणि चहूकडे मका. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी अमेरिकन सैन्यात होती.

काकांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी जाडी मोजायचा व्हर्नियर असायचा. जगातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा शेरा ठरलेला, पास किंवा रिजेक्ट. मी केलेली पोळी ते उजेडाकडे धरून फिरवायचे, मग तीन ठिकाणी व्हर्नियर लावायचे आणि म्हणायचे, "मधे जाड, कडेला पातळ. रिजेक्ट." आणि तीच पोळी तूप लावून खायचे. माझ्या होणाऱ्या बायकोचा फोटो दाखवला तेव्हा मी आधीच बजावलं, काका, शेरा नको. त्यांनी फोटो परत देताना नुसती मान हलवली. तरी रात्रभर मला झोप लागली नाही, की हलवली ती नेमकी कुठल्या बाजूला.

त्यांचं एक वाक्य होतं, ते दिवसातून चार वेळा ऐकायला लागायचं. "चुकायला जागा ठेवायची नाही." या वाक्यामागे कारखान्यातली एक गोष्ट होती. कुठल्याशा ब्रॅकेटला शेजारी शेजारी दोन भोकं होती. पिन एका भोकात बसवायची, दुसरं कुठल्या तरी जुन्या मॉडेलचं उरलेलं. कामगारांना शंभरदा सांगून, पाटी लावून, लाल रंग मारून झाला, तरी शिफ्ट संपताना कोणीतरी पिन नको त्या भोकात घालायचाच. काकांनी काय केलं? दुसरं भोक बुजवून टाकलं. "माणसाला सुधारायच्या भानगडीत पडू नये," ते म्हणायचे. "भोक बुजव. पिन जाईलच कुठे?" त्यासाठी त्यांना कंपनीने एक लाकडी ढाल दिली होती. ती बाथरूममध्ये टांगलेली होती.

बेलचं कारण मला त्यांनी असंच सांगितलं, भांडी पुसता पुसता. "आर्मीत काही वाईट झालं तर फोन करत नाहीत रे ते. दोन माणसं येतात. युनिफॉर्ममध्ये. बेल वाजवतात."

मला सुचलं ते मूर्खासारखं. "काका, बेल नसली तर ते दार ठोकतील."

"ठोकू देत," काका म्हणाले. "बेल तर नाही ना वाजणार."

मुलगी तेव्हा कुठल्याशा वाळवंटात होती. नेमकं कुठे ते सांगायची तिला परवानगी नव्हती. चांगली मेकॅनिकल इंजिनिअर झालेली पोरगी. एके दिवशी जेवणाच्या टेबलावर म्हणाली, "बाबा, आय साइन्ड." काकांना वाटलं, अपार्टमेंटचं लीज. त्यांनी विचारलं, "सगळं वाचून केलीस ना सही?" ती हो म्हणाली. पुढे कधीही तो विषय निघाला की काका एवढंच सांगायचे, की तिने वाचून सही केली होती. अभिमान होता की तक्रार, मला कधी समजलं नाही. दोन्ही असावं.

एका शनिवारी सकाळी मी वर चहाला गेलो होतो. काका पोह्यांची फोडणी करत होते आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत होते, नेहमीसारखे. एकदम त्यांनी गॅस बंद केला. म्हणाले, "आले."

मी बघितलं. दोन माणसं ड्राइव्हवेवरून चालत येत होती. पांढरे शर्ट, काळ्या पँटी, बारीक कापलेले केस, पावलाला पाऊल लावून. मी वळलो तर काका फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत खाली बसले होते. हातात झारा होता. "मी घरात नाही," ते म्हणाले. "सांग, गावाला गेलेत. भारतात गेलेत म्हण. पत्ता माहीत नाही म्हण."

मी दार उघडलं. दोन्ही पोरगे विशीतले, शर्टाला नावाच्या काळ्या पट्ट्या, बगलेत पुस्तकं. हसून म्हणाले, देवाबद्दल बोलायला आपल्याकडे दोन मिनिटं आहेत का?

"काका," मी तिथूनच ओरडलो, "धर्मवाले आहेत! नुसते धर्मवाले आहेत!"

काका बाहेर आले ते झाऱ्यासकट. त्यांनी त्या दोघांना हाताला धरून आत आणलं, टेबलाशी बसवलं, पोहे वाढले, वर खोबरं, लिंबू, आणि दीड तास त्यांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. मधे मधे "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणत होते. असा श्रोता त्या पोरांना जन्मात भेटला नसेल. निघताना त्यांनी विचारलं, पुढच्या आठवड्यात येऊ का? काका म्हणाले, "कम एनी टाइम. बट वन बाय वन."

आता त्या दगडाकडे येतो. काकांच्या घरापासून पाचवं घर सोडलं की चर्च. त्याच्या आवारात दफनभूमी, आणि दफनभूमीच्या तोंडाशी गावाचं युद्धस्मारक. चर्चच्या पायऱ्यांचा कठडा हलत होता, तो काकांना येता-जाता दिसायचा, आणि हलणारी वस्तू काकांना सहन व्हायची नाही. एक दिवस जाऊन त्यांनी न विचारता तो पक्का करून दिला. पास्टरबाईंनी खूश होऊन त्यांना दफनभूमीच्या कमिटीवरच घेतलं. कमिटीत पाच जण, चार ख्रिश्चन आणि एक सांगलीचे. काका स्मारकापाशी गेले की बूट काढायचे. मिशिगनच्या थंडीत, गवतावर दव असताना, मोज्यांवर. मी चिडवायचो, "काका, देऊळ नाही ते." ते म्हणायचे, "माणसांची नावं आहेत. तू घाल बूट."

स्मारक म्हणजे राखाडी दगडाचा चौकोनी खांब, तीन पायऱ्यांवर उभा, वर जाताना किंचित निमुळता. डोक्यावर दगडात कोरलेला कलश आणि त्यावरून ओघळलेलं दगडी कापड. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर गावातल्या शेतकऱ्यांनी उभा केलेला. दगड म्हणे रेल्वेने आला आणि स्टेशनपासून गावापर्यंतचा रस्ता चिखलाचा म्हणून हिवाळ्याची वाट बघून, बर्फावरून घसरगाडीने, बैल लावून आणला. हे सगळं काकांनी चर्चच्या कपाटातल्या जुन्या इतिवृत्ताच्या वहीतून शोधून काढलं होतं. रस्त्याकडच्या बाजूवर त्या पहिल्या युद्धात गेलेल्यांची नावं. उजव्या बाजूला पहिल्या महायुद्धातली. डाव्या बाजूला दुसऱ्या महायुद्धातली, खाली कोरियातलं एक, त्याच्याही खाली अगदी पायथ्याशी व्हिएतनाममधलं एक.

आणि मागची बाजू कोरी. थडग्यांकडे तोंड केलेली, गुळगुळीत घासलेली, एक अक्षर नसलेली.

काका मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेले तेव्हा मी त्या बाजूकडे बघितलंही नसतं. मी म्हणालो, छान आहे, जुनं आहे. काकांनी व्हर्नियर काढला नाही. नुसता तळवा त्या दगडावर ठेवला आणि म्हणाले, "ही कोणासाठी ठेवलीय?"

"कोणासाठी म्हणजे? राहिली असेल."

"राहत नाही असं. वहीत आहे. दगड घडवणाऱ्याने विचारलं होतं, चौथ्या बाजूवर काय काढू? कमिटीने लिहिलंय, तशीच ठेवा." ते माझ्याकडे वळले. "तशीच ठेवा. कशाला? तेव्हा तर युद्ध संपलं होतं ना त्यांचं?"

त्या दिवसापासून काकांना चैन पडेना. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं, आणि ते वेड्यासारखं आहे हेही दिसत होतं, पण मी ब्रॅकेटची गोष्ट शंभरदा ऐकलेली होती. गावात सैन्यात असलेलं माणूस त्या वर्षी एकच होतं. आणि गावाच्या दगडावर एक भोक मोकळं होतं.

ते बुजवायचं काम त्यांनी माझ्या लॅपटॉपवर सुरू केलं. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की ते कागदाची गुंडाळी घेऊन खाली यायचे. आधी गव्हाची पेंढी काढली. चारही कोपरे मोकळे राहतात म्हणून रिजेक्ट. मग गावाचा नकाशा. मक्याची शेतं कोरी दिसतात म्हणून रिजेक्ट. शेवटी त्यांनी ठरवलं, स्मारकाचाच इतिहास कोरायचा. घसरगाडी, बैल, बर्फ, दगड घडवणाऱ्याचं म्हणणं, सगळं. अक्षरं बारीक, ओळी दाट, कडेला अर्धा इंच मार्जिन. मी म्हटलं, "काका, एवढं कोण वाचणार आहे तिथे उभं राहून?"

"वाचायला नाही करत," काका म्हणाले. "भरायला करतोय."

एव्हाना मलाही लागण झाली होती. मुलीचा फोन दर रविवारी यायचा. एका रविवारी आला नाही. सोमवारीही नाही. मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसून बातम्या उघडून बघत होतो. रस्त्यात अनोळखी गाडी उभी दिसली की आत कोण बसलंय ते वाकून बघायचो. मंगळवारी संध्याकाळी घरी आलो तर काका जेवणाच्या टेबलावर बसून त्या इतिहासात आणखी दोन ओळी घालत होते. खाली एक इंच जागा उरत होती म्हणे. तितक्यात फोन आला. तिकडे नेटवर्क बंद होतं, बाकी काही नाही. काका तिच्याशी चार मिनिटं हवामानावर बोलले. फोन ठेवल्यावर त्या दोन ओळी पुसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी त्या जाड केल्या.

कमिटीसमोर त्यांनी प्रस्ताव मांडला तेव्हा गाडी चालवायला म्हणून मी बरोबर गेलो होतो. पास्टरबाई, दोन शेतकरी आणि चर्चसमोर राहणारी एक ऐंशीच्या घरातली म्हातारी, ताठ पाठीची, हातात कायम विणकाम. काकांनी कागद पसरला. बैलांची गोष्ट सगळ्यांना आवडली. एक शेतकरी म्हणाला, गावासाठी फार चांगलं काम होईल. काकांना जोर आला. आता कोरीव काम करायचंच तर जुन्या चुका टाळायला हव्यात, असं म्हणत ते तपासनिसाच्या सुरात बोलू लागले. डाव्या बाजूचं ते सगळ्यात खालचं नाव बघा. अक्षरं वरच्यापेक्षा लहान, मधलं अंतर कमी, शेवटचं अक्षर तर कडेला टेकलंय. "पुअर वर्कमनशिप," काका म्हणाले. "आय वुड रिजेक्ट इट."

म्हातारीच्या सुया थांबल्या, मग परत चालू झाल्या. पास्टरबाईंनी घाईघाईने पुढची तारीख ठरवली.

बाहेर आल्यावर एका शेतकऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, ते खालचं नाव तिच्या भावाचं आहे. मी काकांना गाडीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते बेसनाच्या वड्यांचा डबा घेऊन तिच्या दारात गेले. तिने डबा घेतला, थँक यू म्हणाली आणि दार लावलं. काकांना वाटलं, मतदानात ती विरोध करणार. तिचं एक मत फिरलं तर काय काय होऊ शकतं याची त्यांनी मला यादी वाचून दाखवली.

पुढच्या मीटिंगला तिने विणकाम आणलं नव्हतं. पास्टरबाईंनी प्रस्ताव वाचला आणि मत घेणार तेवढ्यात म्हातारी म्हणाली, मला या गृहस्थांशी बोलायचंय. ती बोलली ते इंग्रजीत. मी माझ्या मराठीत सांगतो.

ती म्हणाली, "तुमची मुलगी तिकडे आहे, मला माहितीये. माझा भाऊ व्हिएतनामला लढायला गेला तेव्हा माझ्या आईने त्या कोऱ्या बाजूला लायलॅकचं झाड लावलं होतं. दगडाला अगदी चिकटून. कमिटीला सांगितलं, शोभेसाठी. वर्षभरात ते एवढं दाट झालं की मागचा दगड दिसेना. आईला वाटलं, झालं काम. मग ते दोघं जण आमच्या दारात आले. गावातल्या लोकांचा जीव चांगला, आईचं झाड तोडायचं कोणाच्या मनात येईना. म्हणून त्यांनी भावाचं नाव डाव्या बाजूला बसवलं, खाली, जेवढी जागा होती तेवढ्यात. कोरणारा चांगला कारागीर होता. त्याला जागाच कमी दिली होती."

काकांचा हात खिशातल्या व्हर्नियरवर होता. त्यांनी विचारलं, "झाडाचं काय झालं?"

"आईनेच कापलं. त्याच आठवड्यात. घरातल्या करवतीने." आणि मग ती म्हणाली, "तुमच्या प्रस्तावाला माझं हो आहे. तुम्हाला बरं वाटणार असेल तर करा. एवढंच सांगायचं होतं, की जागा नव्हती म्हणून कोणी थांबलं नाही."

पास्टरबाईंनी हात वर करायला सांगितले. म्हातारीचा हात वर गेला, दोन्ही शेतकऱ्यांचा गेला. पास्टरबाईंनी काकांकडे बघितलं. काकांनी कागदाची गुंडाळी केली, तिला रबर लावलं आणि म्हणाले, "आय विथड्रॉ." मग तिच्याजवळ जाऊन, भर सभेत, त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. तिला काय चाललंय ते कळेना. तिने घाबरून त्यांचे खांदे धरले.

त्यानंतर काकांचं बरंचसं बोलणंच थांबलं. पोळ्या निमूट खायचे. मला आयुष्यात पहिल्यांदा रिजेक्टची आठवण आली. तीन आठवड्यांनी मेमोरियल डे होता, मे महिन्यातला शेवटचा सोमवार. त्या दिवशी सकाळी गाव स्मारकापाशी जमतं, पास्टरबाई एकेक नाव वाचतात, प्रत्येक नावाला चर्चची घंटा एकदा वाजते. काका मला न सांगता लवकर निघून गेले होते. मी पोचलो तेव्हा रस्त्याकडच्या बाजूला दीड-दोनशे माणसं उभी होती, हातात लहान झेंडे, काही म्हातारे सैनिक टोप्या घालून. काका कुठेच दिसेनात. नावं सुरू झाली. माझ्या मनात नको ते येऊ लागलं. मी गर्दीच्या कडेने, थडग्यांच्या बाजूने मागे गेलो.

काका तिथे होते. पायात मोजे. बूट गवतावर जोडीने ठेवलेले. चौथ्या बाजूला पाठ टेकवून, हात मागे दगडावर पसरून ते उभे होते, आणि प्रत्येक घंटेला डोळे मिटत होते. पुढून ते कोणालाच दिसत नव्हते. त्या बाजूला बघायला होतंच कोण? मी कारण विचारलं नाही. काका अंगाने काडीसारखे, दगड अडीच फूट रुंद. त्यांच्या दोन्ही बाजूंना तो कोरा दगड दिसत होता.

मला गर्दीची भीती वाटत होती. व्हिसावरचा माणूस मी, त्यांच्या पवित्र दिवशी त्यांच्या दगडाला टेकलेला कोणी बघितला तर काय म्हणेल, हे सगळं डोक्यात येऊन गेलं. मग मी बूट काढले आणि काकांच्या उजव्या बाजूला जाऊन पाठ टेकवली. दगड गार होता. डाव्या बाजूचं शेवटचं नाव वाचलं गेलं, घंटा झाली, आणि थोड्या वेळाने गवतावरून काठी टेकत ती म्हातारी आली. आमच्याकडे बघितलं. काकांच्या डाव्या हाताला उभी राहिली. तिने बूट नाही काढले, तिला वाकता येत नव्हतं.

मुलगी पुढच्या हिवाळ्यात सुखरूप परत आली, हे मी इथेच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला आमच्यासारखं ताटकळत ठेवणं बरं नव्हे. पण त्या सकाळी ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

दगडाच्या पुढच्या बाजूला लोक पांगत होते तेव्हा काकांच्या खिशात फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. त्यांनी तो छातीसमोर धरला, मी खालून आधार दिला. पडद्यावर ती दिसली, उन्हाने रापलेली, मागे तंबूचं कापड.

"बाबा, व्हेअर आर यू? व्हाय आर यू ऑल लाइक दॅट?"

"चर्चमध्ये. कार्यक्रम होता. तू पाणी पितेस ना नीट?"

"येस, बाबा. व्हॉट इज दॅट बिहाइंड यू?"

"काही नाही गं. दगड आहे नुसता."

"मूव्ह अ लिटल, आय कान्ट सी."

"नंतर," काका म्हणाले. "तू आलीस की दाखवतो."

मी काकांकडे बघितलं, म्हातारीने माझ्याकडे बघितलं. तिला मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं. तरी ती काकांच्या आणखी जवळ सरकली, मीही सरकलो, आणि फोन ठेवून झाल्यावरसुद्धा आम्ही तिघं तिथून हललो नाही.